सुबिरा

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, लामू, मोम्बासा, झांझिबार या बाजूला, मुलीचे नाव ‘सुबिरा’ ठेवतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ धीर, सहनशीलता. हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते परके वाटेचना. पुरणपोळीच्या दिवशी नैवेद्याआधी ताटाकडे हात गेला, की आमची आजी चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, ‘सबूर!’ सुबिरा आणि सबूर सख्खी नसली, तरी चुलत भावंडे नक्कीच आहेत.

दोघांचा मूळपुरुष अरबी ‘सब्र’. या धातूच्या पोटात आवरून धरणे, रोखणे असा अर्थ आहे. म्हणजे हा धीर हात बांधून गप्प बसणाऱ्याचा नव्हे, लगाम खेचून धरणाऱ्याचा. त्याच अक्षरांतून अरबीत कोरफडीच्या कडू रसाचेही नाव घडते, आणि लहानपणी ज्याने नाक दाबून कोरफडीचा रस गिळला आहे त्याला हा संबंध समजावून सांगण्याची गरज नाही. कुराणात सब्राची थोरवी पुनःपुन्हा येते, दुखण्याखुपण्यात न डगमगलेले अय्यूब पैगंबर त्याचा आदर्श मानले जातात, आणि ईश्वराच्या नव्याण्णव नावांच्या रूढ यादीत शेवटचे नाव ‘अस-सबूर’ आहे. आजीला हे कुठले ठाऊक असायला!

स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा. तिला शब्दाचा शेवट स्वरात झालेला आवडतो आणि अशी जोडाक्षरे ती बहुधा फोडून घेते, म्हणून ‘सब्र’ची ‘सुबिरा’ झाली. खुद्द ‘स्वाहिली’ हे नावही अरबी ‘सवाहिल’, म्हणजे किनारे, यावरून आलेले. या किनाऱ्यावर शिडाची गलबते साधारण डिसेंबर ते मार्च वाहणाऱ्या ‘कास्काझी’ या ईशान्य वाऱ्यावर अरबस्तानातून आणि गुजरातेतून उतरायची, आणि ‘कुसी’ हा नैर्ऋत्येचा वारा सुरू होईपर्यंत परतीची वाट पाहत बंदरात नांगर टाकून राहायची. ऋतूसाठी अरबीत जो ‘मौसिम’, तोच आपला मोसम. जिथे वाऱ्याची वाट पाहणे हाच धंद्याचा भाग, तिथे या शब्दाला घर शोधावे लागले नसेल, असे मला वाटते.

आपल्याकडे तो फारसीच्या हाताला धरून, दख्खनच्या दरबारांतून आला. शिर्डीच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’मुळे आता तो रिक्षांच्या पाठीवरही दिसतो, आणि बहुतेकदा ती रिक्षा आपल्याला डावीकडून ओलांडून पुढे घुसत असते.

तिकडे बायका ‘कांगा’ नेसतात: ठसठशीत काठाचे सुती कापड, आणि खालच्या काठाच्या वर एका ओळीत छापलेली म्हण. ‘सुबिरा हुवुता हेरी’ ही अशीच एक प्रसिद्ध म्हण, म्हणजे धीर कल्याणाला ओढून आणतो. यातली ‘हेरी’ ही अरबी ‘खैर’. आपण मात्र ती ‘आता तुझी खैर नाही’ एवढ्या धमकीपुरतीच जवळ ठेवली. दुसरी म्हण आहे ‘हराका हराका हायना बराका’, घाईघाईत बरकत नाही. बराका लगेच ओळखू येते. हराका म्हणजे आपली हरकत, हे मात्र मला फार उशिरा उमगले. मुळात हालचाल असा अर्थ असलेला हा शब्द तिकडे घाई झाला आणि इकडे आडकाठी.

सुबिरापासून स्वाहिलीत ‘कुसुबिरी’ हे क्रियापद आहे, अर्थ वाट पाहणे. ‘सुबिरी किडोगो’ म्हणजे ‘जरा थांब’. मला एक चित्र सारखे डोळ्यांसमोर येते: झांझिबारच्या एखाद्या अरुंद गल्लीत चार वर्षांची एक सुबिरा चप्पल न घालताच रस्त्यावर धावत सुटली आहे आणि उंबऱ्यातून तिची आई ओरडते आहे, ‘सुबिरा, सुबिरी!’