मोरसला नक्की कोण गेलं?

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. घराण्यातला एक पुरुष, कुणा खापरपणजोबांचा धाकटा भाऊ, जमिनीवरून भांडून मुंबईला गेला आणि तिथून बोटीत बसून मोरसला. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथली साखर मुंबईच्या बाजारात यायची म्हणून जुनी माणसं साखरेलाच मोरस म्हणत. माझी आजी पाहुण्यांच्या चहात मोरस घालायची आणि घरच्यांच्या चहात गूळ. बाबांनी एका दोनशेपानी वहीत वंशावळ लिहून ठेवली आहे. तीत या माणसाच्या जागी एक रेघ आहे आणि रेघेच्या टोकाला 'मोरसला परागंदा' एवढंच. नाव नाही.

मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे दिवाळीच्या सुमारास डीएनए चाचणीच्या पेट्या निम्म्या किमतीत मिळतात. मुलाने एक आणून दिली. नळीत थुंकलो, पोस्टात टाकली आणि दीड महिन्याने उत्तर आलं की मी भारतीय आहे. गंमत नाही करत. गुजरातपासून गोव्यापर्यंत पसरलेला एक रंगीत डाग, त्यावर नव्वदच्या पुढची टक्केवारी, आणि उरलेल्यात मध्य आशियाचा चिमूटभर मसाला. पुढच्या वर्षी कंपनीने तुलनेसाठीचे नमुने बदलले आणि तो मसालाही गेला. मी तोच, थुंकी तीच, पूर्वज मात्र बदलले! ही टक्केवारी म्हणजे कंपनीकडे आज जेवढे नमुने आहेत त्यांच्याशी लावलेला अंदाज असतो. त्यावरून कुणी आपलं मूळ ठरवत असेल तर त्याने जरा दमाने घ्यावं.

खरा माल असतो तो जुळणाऱ्या माणसांच्या यादीत. पण आपल्याकडच्या लोकांनी चाचण्या फार कमी केल्यात, त्यामुळे माझ्या यादीत लांबच लांब माणसं. मोरसचा पत्ता नाही. तेव्हा इथल्या एका जाणकार बाईंनी सांगितलं की घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा. प्रत्येक पिढीत निम्मा डीएनए गळतो. बाबांकडचा अर्धाच माझ्याकडे आला, उरलेला त्यांच्याबरोबर गेला. बाबा २०११ साली वारले. पण आत्या आहे, पंच्याऐंशीची, आणि ती तेव्हा एडिसनला आतेभावाकडे सहा महिने राहायला आली होती.

थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. आत्या दिवसातून चार वेळा मिश्री लावते. देवरुखहून डब्या भरून आणते आणि सुनेपासून लपवते. तिला अर्धा तास मिश्रीविना बसवणं ही या सगळ्या शोधातली सगळ्यात कठीण पायरी होती. त्यात म्हातारपणी तोंड कोरडं. नळीवर रेघ असते, तिथवर थुंकी यावी लागते आणि फेस धरत नाहीत. वीस मिनिटांत निम्मी नळी. "मेल्या, आमच्या वेळेला थुंकलं की मार मिळायचा," असं म्हणत तिने नळी माझ्या हातात दिली. शेवटी आतेभावाच्या बायकोने फ्रीजमधून कैरीचं लोणचं काढलं आणि बरणीचं झाकण उघडून नुसतं आत्याच्या नाकाखाली धरलं. रेघ पार झाली. तरीही पहिला नमुना 'अपुरा' म्हणून परत आला आणि हे सगळं नाटक पुन्हा करावं लागलं.

त्याआधी मी तिला एक गोष्ट नीट समजावली होती, आणि कुणालाही हे करायचं असेल तर त्यानेही करावी. ही माहिती आपल्या एकट्याची नसते. २०२३ साली एका मोठ्या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविम्याला आणि नोकरीला संरक्षण आहे, आयुर्विम्याला नाही. आणि कधी कधी भलतंच निघतं. ज्याला काका म्हणत आलो तो काका नसतो. आत्या म्हणाली, "जे होते ते सगळे गेले. आता निघालं तर निघू दे."

दोन महिन्यांनी आत्याच्या यादीत वरून तिसरे एक गृहस्थ. राहणार मॉरिशस. जुळणारा डीएनए ७१ सेंटीमॉर्गन. हे एक माप आहे. आईमुलात ते साधारण ३४०० येतं, सख्ख्या चुलत भावंडांत ८५० च्या आसपास, आणि पुढे दर पायरीला झपाट्याने उतरत जातं. ७१ म्हणजे तीनचार पिढ्यांमागे कुठेतरी एकच आईबाप. माझ्या यादीत हे गृहस्थ नव्हतेच. आत्या थुंकली नसती तर मला ते कधीच सापडले नसते.

मी त्यांना निरोप लिहिला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, सगळं इंग्रजीत, पण सुरुवातीला 'नमस्कार' आणि शेवटी 'गणपती बाप्पा मोरया'. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त. घरी क्रिओल बोलतात, मराठी आरतीपुरती. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि त्यांच्या गावात अजून जाखडी नाचतात. ती जाखडी आमच्या संगमेश्वरातली. त्यांनी व्हिडिओ पाठवला. घुंगरांचा ठेका ऐकून आत्याने मांडीवर बोटं आपटायला सुरुवात केली.

मला वाटलं, झालं. हाच आमच्या परागंदा पुरुषाचा वंशज. त्यांचं आडनाव आमच्याशी जुळत नव्हतं, पण त्याचं काही नवल नाही. तिथे कारकुनाने वहीत जे लिहिलं तेच चिकटलं, कितीतरी घरांत मूळ पुरुषाचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव झालं. आता फक्त शिक्कामोर्तब हवं म्हणून मी वाय गुणसूत्राची चाचणी काढली. ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं जातं, म्हणजे आडनावासारखंच. मी एक केली, त्यांनाही करायला लावली, दोन्हींचे पैसे मी भरले. ३७ ठिकाणांची तुलना. माझा गट एच, त्यांचा एल. दोघांच्या बापांच्या रेषा हजारो वर्षांत कुठे भेटलेल्या नाहीत. दोघांचे मिळून दोनशेच्या वर डॉलर गेले. बायकोने त्यावर काही म्हटलं नाही, नुसतं पाहिलं.

चूक माझ्या डोळ्यांसमोर होती. आत्याच्या आणि त्यांच्या चाचणीच्या कच्च्या फाइली मी तुलनेच्या एका साइटवर चढवल्या होत्या. तिथे दिसत होतं की आत्या आणि ते गृहस्थ एक्स गुणसूत्रावरही जुळतात. पुरुषाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. म्हणजे नातं त्यांच्या आईच्या बाजूचं, बापाच्या नव्हेच. आमच्या बाजूलाही तोच न्याय. आत्याला तिच्या वडिलांकडून जे एक्स आलं ते अख्खं त्यांच्या आईचं, म्हणजे माझ्या पणजीचं. आमच्या आडनावाच्या पणजोबांचा त्यात कणही नाही. बाबांच्या वहीतल्या रेघा मी वर्षभर गिरवत होतो, त्या रेघांवर हे नातं बसतच नव्हतं.

त्याच साइटवर आणखी एक सोय आहे, 'तुमचे आईवडील एकमेकांचे नातलग आहेत का?' आत्याची फाइल टाकली. उत्तर, हो, चांगलेच जवळचे. मी जरा चाचरत तिला सांगितलं.

"मग?" आत्या म्हणाली. "माझी आई म्हणजे माझ्या बापाच्या मामाचीच पोर. सगळ्या गावाला ठाऊक होतं. एवढ्यासाठी मला थुंकायला लावलंस?"

तर हा आपल्याकडचा पेच. या कंपन्यांचे तक्ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले, आणि आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्नं, त्यात मामाची मुलगी हक्काची. एकाच पूर्वजाचा डीएनए दोन वाटांनी येतो आणि आकडा फुगतो. म्हणून एकूण बेरजेपेक्षा सगळ्यात लांब सलग तुकडा किती आहे ते बघायचं. आत्यात आणि त्या गृहस्थांत तो ३३ सेंटीमॉर्गन होता, म्हणजे नातं खरंच. आत्याच्या बाबतीत दोन्ही वाटा एकाच घराकडे जात होत्या, पणजीच्या आणि आजीच्या माहेराकडे. दोघींचं माहेर एकच, दोघी एकमेकींच्या आत्या-भाची आणि सासू-सून. पुढे टोरंटोत राहणाऱ्या आत्याच्या एका मामेबहिणीनेही नळी भरली. ती त्याच माहेरघरची. तिच्या यादीतही ते मॉरिशसचे गृहस्थ आले आणि उरलासुरला संशय गेला.

डीएनएची मजल इथवरच. दोन माणसं नात्यातली आहेत एवढं तो सांगतो. मधल्या माणसाचं नाव, गाव, साल कागदावरच मिळतं. गावाकडच्या चुलतभावाने तहसील कार्यालयात चौकशी केली. कुणबी नोंदी शोधणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहून त्याला कळलं ते असं की गावची जन्ममृत्यूची जुनी वही आमच्या कामाच्या काळाच्या पुढची आहे.

कागद मिळाला तो तिकडून. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर मजुरीला नेलेल्या माणसांची, दप्तरं आहेत. १८३४ पासून साडेचार लाखांवर माणसं भारतातून त्या बेटावर उतरली आणि प्रत्येकाला नंबर मिळाला. मुंबईहून गेलेले त्यात थोडेच, त्यातले पुष्कळ रत्नागिरीकडचे. या गृहस्थांनी बापाच्या बाजूचे दाखले आधीच जमवले होते, कारण मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं, कार्ड मिळेल असं जाहीर झालं होतं. आईच्या बाजूला कुणी हातच घातला नव्हता. आईचा जन्मदाखला, तिच्या आईचा विवाहदाखला, असं एकेक पायरी मागे जायला त्यांना आठ महिने लागले.

उतारा एका पानाचा. नंबर. बाई, वय २४. बरोबर मुलगी, वय ३. उतरल्याचं साल १८५८. उंची, कपाळावर गोंदण. नवऱ्याचा रकाना कोरा. जिल्हा 'रुटनाघेरी'. फोटो नाही, फोटो काढायची पद्धत तिथे त्यानंतर काही वर्षांनी आली. नाव 'सालू'.

गावाचं नाव मला लागेना. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना वाचायला सांगितलं. त्यांचा र फ्रेंच वळणाचा, घशातून येणारा. ते म्हणाले, "माहाल." पुन्हा म्हणाले, "माहाल." आत्या पलीकडे तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "महाल कसला? मारळ असेल. आईचं माहेर."

मग तिचा हात थांबला.

"साळू," ती म्हणाली. इंग्रजी अक्षरांत ळ नसतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्या सांगू लागली. सर्वपित्रीला सगळी पानं वाढून झाली की तिची आई एक लहानसं पान वेगळं वाढायची आणि मागच्या दाराने जाऊन वईजवळ, कुंपणापाशी ठेवायची. पुरुषमाणसं जेवायला बसलेली असत, त्यांना ते दिसतही नसे. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणायची, साळाईचं. आत्याला आयुष्यभर वाटत होतं की साळाई ही मारळकडची कुठलीतरी देवी. "आईलाही तिच्या आत्यानेच सांगितलं असणार. म्हणजे माझ्या आजीने."

साळू म्हणजे पणजीची आत्या. तान्ही नव्हे तरी तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन बोटीत चढलेली. गोष्ट पणजी आणि आजी माहेराहून घेऊन आल्या आणि आमच्या ओटीवर येईतो तिचा पुरुष झाला, त्याला आमचं आडनाव लागलं, वर जमिनीचं भांडणही मिळालं. बाबांनी ती रेघ कुणाच्या सांगण्यावरून ओढली ते आता विचारता येणार नाही. रेघ मी खोडलेली नाही. साळूला त्या वहीत जागाच नाही, कारण ती दुसऱ्या घरची लेक, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर नवी सुरुवात केली आहे आणि तिथे सगळ्यात वर तिचं नाव आहे.

ते गृहस्थ येत्या फेब्रुवारीत मारळला यायचे आहेत, मार्लेश्वरही बघायचं म्हणतात. आत्या तेव्हा देवरुखलाच असेल. परवा त्यांनी विचारलं, येताना तुमच्यासाठी काय आणू? मी आत्याला मराठीत सांगितलं. तिने मिश्रीचं बोट तोंडातून काढलं.

"साखर आण म्हणावं," ती म्हणाली. "मोरस."