गोधडीची वही

माझ्या शिवणाच्या कपाटातल्या खालच्या खणात लाल पुठ्ठ्याची, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली एक लांबट वही आहे. हाताने शिवलेल्या प्रत्येक गोधडीची आणि क्रोशाने विणलेल्या प्रत्येक रुमालाची नोंद मी तीत ठेवते. सुरुवातीची काही पाने मात्र अगदी निरुपयोगी आहेत, कारण त्यांवर छायाचित्र, तारीख आणि ‘छान झाली’ याखेरीज काहीही नाही.

ही चूक मला एका बारशाने दाखवून दिली. भाचीच्या बाळासाठी जुन्या मलमलीची दुपटेवजा गोधडी शिवली होती आणि तिच्या चारही कोपऱ्यांना लाल तुकडे लावले होते. पहिल्याच धुण्यात त्या लालाने सगळी मलमल गुलाबी करून टाकली. बहीण काही बोलली नाही, पण ती गोधडी पुन्हा बाळाच्या अंगावर दिसली नाही. तो तुकडा कुठल्या साडीचा, की वजनावर आणलेल्या चिंध्यांतला, हे शोधायला वही उघडली, तर तिथे ‘छान झाली’!

तेव्हापासून प्रत्येक नव्या कापडाचे दोन चौकोन वहीत येतात, एक कोरा आणि एक धुतलेला. ते मी चिकटवत नाही, कारण खळीने कापड ताठ होते आणि झुरळेही लागतात. त्याऐवजी पानालाच दोन टाके घालते. धुण्याची परीक्षा अर्थातच नळाला पाणी येईल त्या दिवशी होते. सोलापुरात ते रोज येत नाही, त्यामुळे काही पानांवर ‘पाण्याची वाट पाहत आहे’ एवढीच ओळ चार-चार दिवस राहते. चौकोन धुण्याआधी आणि नंतर पट्टीने मोजते. एका जाड सुती कापडाचा दहा इंचांचा चौकोन साडेनऊ इंचांवर आला होता. तो न धुता गोधडीत गेला असता, तर भोवतालची सगळी शिवण चुण्यांनी भरली असती.

बिघडलेल्या कामाची नोंद मी त्याच संध्याकाळी करते, कारण दुसऱ्या दिवशी माणूस स्वतःला माफ करून मोकळा होतो. ‘काठाकडून धावदोरा घालत आत आले, मध्ये कापडाचे पोट सुटले, पुढच्या वेळी आधी सगळीकडे कच्चे टाके.’ ‘एप्रिलच्या दुपारी शिवू नये, घामाने सुई गंजते आणि पांढऱ्यावर डाग पडतो.’ अशा ओळी दिसायला काही सुंदर नाहीत. सजवलेल्या, रंगीत कडांच्या डायऱ्या मीही करून पाहिल्या, पण सुंदर पानावर चूक लिहायला हात धजावत नाही, असा माझा अनुभव आहे.

शेजारच्या काकांनी एकदा ही वही चाळली. त्यांचे सारे आयुष्य चादरीच्या कारखान्यात जकार्डच्या, म्हणजे भोकांच्या पट्ट्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर गेले. १८७७ साली ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी निघाली तेव्हापासून सुतावर जगत आलेल्या या शहरात त्यांना माझ्या चिंध्यांचे कौतुक वाटण्याचे कारण नव्हते, तरी पाने त्यांनी सावकाश उलटली. मग म्हणाले, “ताई, आमच्याकडं नक्षी डोक्यात ठेवून चालत न्हवतं. आडव्या एका धाग्याला भोकाची एक पट्टी, तिच्यावर नंबर. एक पट्टी मागंपुढं झाली की मोराची मान तुटली म्हणून समजा.” त्या दिवसापासून मीही गोधडीच्या तुकड्यांना ओळ आणि क्रमांक देते, आणि क्रोशाच्या नमुन्यात ‘तीन साखळ्या, दोन खांब, एक मुका खांब’ असे ओळीओळीने लिहिते. पूर्वी ‘मागच्यासारखेच’ असे लिहीत असे. मागचे म्हणजे कुठले, हे सहा महिन्यांनी मलाच कळत नसे.

वेळेचा रकाना मी सर्वांत उशिरा घातला आणि तो सर्वांत जास्त बोचतो. मोठ्या माणसाच्या एका गोधडीला एकसष्ट तास लागले होते. “एवढ्याशा चिंध्यांचे एवढे पैसे?” असे कुणी विचारले, की मी वाद न घालता ते पान पुढे करते.

तो लाल तुकडा पुढे चिंध्यांच्या पिशवीच्या तळाशी सापडला. तीन वेळा धुतला, तरी पाणी लालच. त्याचा एक चौकोन वहीच्या पहिल्या पानाला टाचला आणि उरलेल्याची टाचण्या खोचायला छोटी उशी शिवली. तिचीही नोंद आहे: वेळ चाळीस मिनिटे, आत जुन्या लोकरीचे तुकडे, धुवायची नाही.