रविवारी न दुखणारं पोट

सोमवारी सकाळी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून मायलेक आले. मुलगा विशीचा, बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आईने पिशवीतून फाईल काढून माझ्या टेबलावर ठेवली. तीन सोनोग्राफ्या, एक एंडोस्कोपी, रक्ताचे आणि शौचाचे रिपोर्ट.

"सगळं नॉर्मल हाय म्हणून सांगत्यात मॅडम. मग पोरगं असं का वाळायलंय?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. "काही नाही झालेलं, टेन्शन घेऊ नको" हे उत्तर आणि सोबत गॅसच्या गोळ्या त्याला दोन-तीन दवाखान्यांत मिळाल्या होत्या. देवरशाकडे जाऊन झालं होतं, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झाला होता. ज्याने जे सांगितलं ते ऐकून वांगं, शेंगदाणे, दूध, हरभरा असं एकेक करत ताटातलं निम्मं जेवण बंद झालं होतं. आई दमली होती. मुलगा मान वर करत नव्हता.

मी फिजिशियन आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, शिवाय मेडिकल, डिप्लोमा, नर्सिंगची कॉलेजं. त्यामुळे पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत विद्यार्थी कायम असतात. त्यांना मी एक प्रश्न हमखास विचारते, तोच त्यालाही विचारला.

"रोज दुखतं म्हणतोस. रविवारी?"

तो थांबला. "रविवारी नाही दुखत."

"दिवाळीच्या सुट्टीत?"

"नाही मॅडम."

मग मी आईला म्हटलं, "मावशी, थोडा वेळ बाहेर बसता का? मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय." ती उठली. दार लागलं आणि मुलगा बोलू लागला.

पहिल्या वर्षी एकदा गाडी वाटेत अडकली. पोटात मुरडा आला, थांबवेना. कंडक्टरला विनवून तो मध्येच उतरला, रस्त्याकडेच्या झुडपाआड गेला. गाडीत वर्गातली मुलं होती. तेव्हापासून गाडी खानापूर स्टँडमधून हलली की कळ सुरू. त्याने मला अख्खा रस्ता सांगितला. गणेबैलला कुठे उतरता येतं, कुठल्या पेट्रोल पंपावरचं संडास उघडं असतं आणि कुठल्या पंपाला कुलूप असतं, पिरनवाडीत कुठला हॉटेलवाला आत जाऊ देतो, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ गाड्या तुंबल्या तर काय करायचं. पोटात काही नसलं म्हणजे भीती नाही, असं ठरवून त्याने सकाळचं खाणं सोडलं, मग डबा सोडला. संध्याकाळी घरी पोचल्यावर एकदाच जेवायचा. वर्षभरात सहा किलो वजन उतरलं होतं.

इथे घाई करून चालत नाही. वजन उतरलेलं असताना सगळं मनावर ढकलणं धोक्याचं आहे. आपल्याकडे आतड्याचा टीबी असतो, आतड्याला सूज आणणारा क्रोन्स असतो, गव्हाने होणारा सिलिअॅक असतो. रात्री दुखण्याने जाग येते का, शौचातून रक्त, बारीक ताप, घरात कुणाला आतड्याचा आजार, सगळं विचारलं. काहीच नव्हतं. पोट तपासलं, कुठे गाठ लागत नव्हती. हिमोग्लोबिन चांगलं होतं. जेवण तुटलं तेव्हापासूनच वजन उतरू लागलं, हा हिशेबही जुळत होता. तरी सिलिअॅकची अँटीबॉडी आणि आतड्याची सूज दाखवणारं शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, या राहिलेल्या दोन तपासण्या पाठवल्या. दोन्ही पुढे नॉर्मल आल्या.

आयबीएसचं, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचं निदान मात्र मी त्याच दिवशी त्याला सांगितलं. यात रिपोर्ट नॉर्मल येतात, पण आतडं नीट चालत नाही. अशा आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम-४ निकषांप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखणं, त्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाच्या वेळा कमी-जास्त होणं किंवा पोत बदलणं, आणि त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची असणं, हे सगळं त्याच्यात होतं. आजाराला नाव मिळालं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आपण नाटक करतोय असा लोकांचा समज, ही बोच त्याला दुखण्याइतकीच होती.

प्रिस्क्रिप्शनच्या मागे मी मेंदू आणि आतडं काढून दाखवलं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी असतात. व्हेगस नावाच्या मज्जातंतूतले बहुतेक धागे खालून वर, पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. भीती वाटली की मेंदूतून सुटणारी रसायनं मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात. आतडं मुरडलं की तो निरोप वर जातो, भीती वाढते, पुन्हा मुरडा.

"म्हणजे फीडबॅक लूप मॅडम," तो म्हणाला. मेकॅनिकलचा विद्यार्थी होता.

मग बाकीचं निघालं. दहावीपर्यंत मराठी शाळा. पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कशीबशी काढली. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत, अडलं तर खुलासा कन्नडमध्ये, आणि हा दोन्हीकडे चाचपडणारा. दोन विषय राहिले होते. वडिलांनी फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं, त्यामुळे घरी सांगायची सोय नव्हती. झोप लागत नव्हती.

"रात्री वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं."

मी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. विचार येतो, पण काही ठरवलेलं नाही, असं तो म्हणाला आणि रडू लागला. बाहेर पेशंट ताटकळत होते. रिसेप्शनवरची मुलगी दोनदा डोकावून गेली. मी तिला हातानेच थांबवलं.

तिथूनच मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी दुपारचीच वेळ दिली. मानसिक त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ही सरकारी सेवा सुरू आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं. मग त्याला विचारून, त्याने हो म्हटलं तेवढंच आईला सांगितलं.

"म्हणजे डोक्याचं हाय म्हणताय?" तिचा चेहरा उतरला.

"दुखणं पोटातच आहे मावशी, आणि खरं आहे. भीतीने ते वाढतंय. दोन्हीचं औषध करूया."

दुपारी तज्ज्ञांशी बोलून रात्रीची अमिट्रिप्टिलिन ठरली, १० मिलिग्रॅम. डिप्रेशनसाठीच्या डोसापेक्षा हा पुष्कळ कमी. अशा कमी डोसानेही आयबीएसमध्ये फरक पडतो, हे ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या ४६३ पेशंटांवरच्या चाचणीत दिसलं, २०२३ मध्ये ती लॅन्सेटमध्ये आली. पण ही गोळी जास्त घेतली तर जिवावर बेतते. म्हणून एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या, त्याही आईच्या ताब्यात. जोडीला इसबगोल, आणि ताटातलं बंद केलेलं सगळं हळूहळू परत. वांगं चालेल म्हटल्यावर मावशींनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

प्रवासाची भीती घालवायचं काम समुपदेशक बाईंनी केलं, आणि माझ्या मते खरा गुण त्याचाच आला. रविवारी, मित्राला घेऊन, भाकरी खाऊन गाडीत बसायचं आणि गणेबैलला उतरायचं. ते जमलं की पिरनवाडी. मग बेळगाव. मग सोमवारी.

तो आता वर्गात जातो. राहिलेल्या दोनपैकी एक विषय सुटला. खिशात जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी असते, क्वचित लागते. परीक्षेच्या आठवड्यात पोट अजून दुखतं. वजन चार किलोने वाढलं आहे. जीव द्यायचे विचार येत नाहीत म्हणतो, तरी प्रत्येक भेटीत मी विचारते.

गेल्या महिन्यात त्याने वर्गातल्या एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. "हिचंही माझ्यासारखंच आहे मॅडम," असा निरोप होता. तिचं पोट रविवारीही दुखत होतं, रात्री जाग यायची, हिमोग्लोबिन जेमतेम आठ होतं. तिला मी त्याच दिवशी कोलोनोस्कोपीसाठी पाठवलं.