साल मृगाला सुरू होतं

गेली अकरा वर्षं मी पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन कक्षात आहे. प्राध्यापकांचे प्रस्ताव तपासायचे, खर्च योग्य शीर्षाखाली लावायचा, मार्च आला की उपयोगिता प्रमाणपत्रासाठी सगळ्यांच्या मागे लागायचं, हे माझं काम.

मागच्या पावसाळ्यात इतिहासाच्या मॅडम आणि भूगोलाचे सर मिळून एक प्रस्ताव घेऊन आले. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांत दुष्काळामुळे सारा माफ केल्याच्या नोंदी मिळतात. त्यांवरून त्या काळचं पाऊसमान कळेल का, हा त्यांचा प्रश्न. सरांनी तक्ताही आखून आणला होता, जानेवारी ते डिसेंबर.

मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘सर, हे नाही चालायचं. कागदांवर शुहूर सन आहे.’’ शुहूर सन म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी अंकशब्दांत लिहिलेलं साल. माझ्याच पॅडवर त्यांनी लिहून दाखवलं: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. इसवी सन काढायला, जानेवारीचा कागद असेल तर त्यात 600 मिळवायचे. आलं 1761, पानिपतचं साल. पण मृग लागल्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे, कारण हे साल मृगाला सुरू होतं.

सर क्षणभर गप्पच झाले. ‘‘म्हणजे एका सालात एक अख्खा पावसाळा? अहो, पाण्याच्या हिशेबाला आम्हीसुद्धा 1 जून ते 31 मे असंच वर्ष धरतो!’’ त्यांनी तक्ता तिथंच खोडला.

प्रस्ताव मात्र वरून परत आला. अर्जात विभागाचा रकाना एकच, आणि मोडी वाचकाचं मानधन कशात दाखवायचं यावर तीन आठवडे गेले. मला याचा मनापासून राग येतो. लॅपटॉपला लगेच मंजुरी मिळते, पण कागद वाचणाराच नसेल तर त्या लॅपटॉपमध्ये भरायचं काय? शेवटी मी मानधन मनुष्यबळाखाली घेतलं, दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्यांची टिपणी जोडली आणि फाइल हातात घेऊन स्वतः जिने चढले. मंजुरी आली. मग दोघांची वेळापत्रकं शेजारी ठेवून बुधवारी चारचा तास मोकळा करून घेतला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं. तो तास नसता तर दोघं आपापल्या इमारतीतून नुसते मेल पाठवत बसले असते.

परवाच्या बुधवारी मी सही घ्यायला गेले, तर सर भिंग धरून एका कागदावर वाकलेले. ‘‘खमस अर्बैन... 1145. पावसाळ्यातला कागद, म्हणजे 599,’’ असं पुटपुटत त्यांनी पेन्सिलीनं 1744 लिहिलं आणि कागद मॅडमकडे सरकवला.