दुसऱ्या गिअरचा घाट

पुण्यातले दोन मुक्काम संपवून माऊलींची पालखी सासवडकडं निघते, तो दिवस अख्ख्या वारीतला सगळ्यात लांब चालीचा. तीस-बत्तीस किलोमीटर, त्यात शेवटी शेवटी दिवे घाट, आणि तिथी बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशी. म्हणजे पोटात साबुदाण्याची खिचडी, नाहीतर कुणीतरी हातावर ठेवलेला राजगिऱ्याचा लाडू. तात्या या टप्प्याबद्दल घरी येऊन फार काही सांगायचे नाहीत. "दुसऱ्याचा घाट आहे," एवढंच.

तात्या, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. घाट मोजायची त्यांची रीत एकच, कुठला गिअर लागतो. खंबाटकी तिसऱ्याचा. पसरणी दुसऱ्याचा. कुंभार्ली दुसऱ्याचा, पण वळणावर पहिला टाकायची तयारी ठेवायची. आंबेनळीचा विषय निघाला की ते नुसती मान हलवायचे. दिवे घाट त्यांनी गाडीनं किती वेळा चढला याचा हिशेब त्यांच्याकडंही नव्हता, पण पायी चढायला निवृत्तीची वाट बघावी लागली. आषाढीच्या दिवसांत एसटीच्या ड्रायव्हरला वारी कुठली? गावोगावच्या डेपोंतून पंढरपूरला जादा गाड्या सुटतात, त्यातली एक तात्यांच्या हातात असायची. वर्षानुवर्षं त्यांनी लोकांना विठोबाच्या दारात नेऊन सोडलं, यात्रेच्या स्टँडवर गाडीच्या सावलीला टॉवेल पसरून झोप काढली, लांबून कळसाला हात जोडले आणि भरलेली गाडी घेऊन परत फिरले. निवृत्त झाल्यावर आधी माळ घातली, मग चालायला लागले. गेल्या माघात गेले.

मी निघालो तेव्हा आत्या नाराज होती. वर्षश्राद्ध व्हायचंय, अशात देवाच्या दारी जायचं नसतं, असं तिचं म्हणणं. तात्यांच्या दिंडीच्या मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "वारी हा काय सण आहे का? नेम आहे तो. तात्यांची जागा मोकळी आहे, ये." एवढ्यावर विषय संपला. आत्याचा नाही संपला, पण माझा संपला.

जागा म्हणजे खरोखरच जागा. बघणाऱ्याला दिंडी म्हणजे गर्दी वाटते, पण आत शिरलं की कळतं, प्रत्येकाचा कोपरा ठरलेला आहे. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागं वीणेकरी, त्यांच्या मागं डोक्यावर तुळस आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका. रथापुढं सत्तावीस दिंड्या, बाकीच्या सगळ्या मागं, आणि त्यांचेही क्रम लागलेले. ही सगळी शिस्त हैबतबाबांनी घालून दिली. ते आरफळचे, म्हणजे आमच्या साताऱ्याकडचे, हे तात्या न विसरता सांगायचे, जणू त्यांच्याच डेपोतला माणूस. आमची दिंडी रथामागची. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा, ही तात्यांची जागा. मला तिथं उभं केलं, हातात टाळ दिले आणि कुणी विचारलंही नाही की वाजवता येतात का. हडपसर येईपर्यंत येऊ लागले.

एक गंमत सांगतो. लहानपणी सुट्टीत मी तात्यांच्या गाडीत बसायचो ते त्यांच्या सीटमागच्या जाळीला नाक लावून. त्यामुळं तात्या म्हटलं की मला आधी त्यांची मान आठवते, खाकी कॉलर, घामाचा डाग, गिअर टाकताना वर येणारा उजवा खांदा. नाही, डावा. गिअर डाव्या हाताला असतो, हे लिहितानासुद्धा ते कान धरतील. दिंडीतली माणसं मात्र त्यांचा चेहरा ओळखत होती. ज्यांना बातमी कळली नव्हती ते पुण्यात भेटले की विचारायचे, "तात्या कुठं राहिले? मागं आहेत का?" मी सांगायचो. समोरचा क्षणभर थांबायचा, माझ्या पायाला हात लावायचा, मीही वाकायचो, आणि मग लगेच तात्यांबद्दल असं काही सांगायचा जे मला माहीत नव्हतं. भारुडात बुरगुंड्याचं सोंग काढायचे. फुगडी खेळायचे. फुगडी! घरी ज्या माणसानं कधी गणपतीच्या आरतीत टाळीसुद्धा जोरात वाजवली नाही, तो. एकानं तर त्यांच्या गाण्याचं कौतुक केलं. ते मी शांतपणे ऐकून घेतलं, कारण तात्यांचं गाणं मी ऐकलेलं आहे.

वडकी नाल्याला विसावा झाला. पुढच्या पताका चढाला लागल्या, मृदंगवाल्यानं थाप दिली, आणि माझ्या मागून आवाज आला, "टिंग टिंग!"

तोंडानं काढलेला, पण हुबेहूब. एसटीची डबल बेल. रांगेतली चार-पाच डोकी वळून माझ्याकडं बघायला लागली. मागं कंडक्टरकाका होते. तात्यांच्याच डेपोतले, त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले, आणि दिंडीत कायम तात्यांच्या मागच्या रांगेत चालणारे.

"टिंग टिंग," ते पुन्हा म्हणाले. "अरे, मी इथं दरवर्षी बेल देतो. तुझा बाप म्हणायचा, दुसरा टाकला. त्याशिवाय आपली रांग घाट चढत नाही."

"दुसरा टाकला," मी म्हणालो.

"मागच्या सीटपर्यंत नाही आलं ऐकू."

"दुसरा टाकला!"

रांग हसली आणि हलली. माझे डोळे भरून आले होते हे खरं, पण तिथं रडायला सवड नसते. मागची रांग टाचेवर येते.

घाट चढताना तात्यांचे धडे एकेक करून आठवू लागले. ते मोटार चालवायचे होते, पण पायांनाही लागू पडत होते. चढ लागायच्या आधीच गिअर उतरवायचा, मध्यात चाचपडायचं नाही. वर किती राहिलंय ते बघायचं नाही, पुढचं वळण बघायचं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं. हा तर नियमच आहे. दिवे घाटात त्या दिवशी उतरणारं कुणी नसतंच. वाहनांना रस्ता बंद असतो आणि सगळी माणसं एकाच दिशेला. आमच्या रांगेनं चढावर टाळ थोडे सैल केले, पावलं लहान केली, पण भजन सोडलं नाही. श्वास पुरवून पुरवून गायचं. पहिल्या मोठ्या वळणाला माझा दम गेला तेव्हा शेजारचे आजोबा, वयानं सत्तरीच्या पुढचे, माझ्याकडं न बघता म्हणाले, "माऊली, तोंड उघडं ठेवायचंच आहे तर नाव तरी घ्या."

दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. डोंगराच्या कडेनं वर सरकणारा पांढरा पट्टा, मधे भगव्या पताका, खाली मस्तानी तलावाचं पाणी. फोटो काढणारे कड्यावर जागा धरून बसतात, डोक्यावर ड्रोन भुणभुणतात. फोटो खोटे नाहीत, पण चालणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते, भिजून अंगाला चिकटलेला सदरा दिसतो, आणि टाचेखाली चिरडलेली केळ्याची साल. माझ्यासाठी हे ओळखीचंच होतं.

रथ आमच्यापुढं होता. या चढाला रथाच्या बैलांना जादा बैलजोड्या जुंपतात. घाटातल्या माणसांनी बैलांच्या नावानं गजर केला की खालपर्यंत सगळ्यांना कळतं, रथ वळणावर आला. तात्यांना हे फार आवडायचं. "चढाला आणखी जोडी लावतात, हे आपल्या एसटीला कधी सुचलं नाही," असं म्हणायचे, हे मला कंडक्टरकाकांनी सांगितलं.

घाटाच्या मध्यावर कठड्याला टेकलेली एक मुलगी दिसली. पुण्याची असावी, पायात भारी बूट, डोक्यावर मात्र जुनी, कडेला पिवळी पडलेली गांधी टोपी. पुण्यातले पुष्कळ जण सासवडपर्यंत एवढा एकच टप्पा चालतात आणि रात्री बसनं परत जातात, ती त्यातली. आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी डोक्यावरचा हंडा तसाच तोलत तिला पाणी दिलं आणि विचारलं, टोपी कुणाची? बाबांची, ती म्हणाली. दरवर्षी ते इथंवर यायचे. मावशींनी माझ्याकडं बोट केलं, "ह्याचं पण तसंच." मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. सासऱ्यांची वारी नवऱ्यानं चालवली, नवऱ्याची त्या चालवतात, आणि मुलगा म्हणतो सवड नाही. पुढं म्हणाल्या, "ह्या वाटंला बापाचं छत्र असलेला माणूस दाखव मला. माऊलींना तरी कुठं होतं?"

मग चालता चालता गोष्ट सुरू झाली. विठ्ठलपंत लेकरांना घेऊन ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालायला गेले, वाटेत वाघ आडवा आला, पळापळीत थोरला निवृत्ती हरवला आणि गहिनीनाथांच्या गुहेत जाऊन पोचला. पुढं आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि मागं उरली चार पोरकी भावंडं. मला ही गोष्ट शाळेपासून माहीत. पण विठ्ठलपंत हा डोंगरवाटेवर पोरांना पुढं घालून चालणारा, एक पोर नजरेआड झालं म्हणून झाडीत हाका मारत फिरणारा बाप होता, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या मुलीलाही आलं नसावं. ती झेंडेवाडीच्या विसाव्यापर्यंत मावशींचा हात धरून चालली.

विसाव्याला वारा लागला आणि घाट चढून झाला हे अंगाला कळलं. तिथून सासवड अजून बरंच आहे. त्या पुढच्या पट्ट्याबद्दल कुणी काही लिहीत नाही, आणि पाय मोडतात ते तिथंच.

सासवडला पालखी दोन रात्री राहते. लोक म्हणतात, धाकट्या भावाला भेटायला. कऱ्हेच्या काठी सोपानदेवांची समाधी आहे. माऊलींनी 1296 मध्ये कार्तिकात आळंदीला समाधी घेतली, सोपानदेवांनी त्यामागोमाग मार्गशीर्षात इथं. या मुक्कामातच सोपानकाकांची पालखीही इथून निघते. देवळात दर्शनाची रांग मोठी होती, मी कळसाला हात जोडून परत फिरलो. तेवढ्यापुरतं घराण्याचं वळण उतरलं म्हणायचं.

त्या मुक्कामातली समाजआरती माझ्या फार लक्षात राहिली. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हाक देतो, त्यासरशी एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं मात्र टाळ चालू ठेवायचे. त्या रात्री एक दिंडी थांबेचना. चोपदार गेले, विचारपूस झाली, पाण्याचं काहीतरी होतं, ते मिटलं, मग टाळ थांबले. तक्रारीची इतकी बरी पद्धत मी कुठल्या कचेरीत पाहिलेली नाही. मग हरवल्या-सापडल्याची पुकार झाली. एक पिशवी, एक चष्मा, औषधाची डबी, आणि कुणाचे तरी वडील, वय ऐंशी, पांढरं धोतर. हजारोंच्या अंगावर पांढरं धोतर होतं. पण सापडले म्हणे ते रात्रीच. शेजारच्या दिंडीत जेवून झोपले होते.

जेजुरीला भंडारा, वाल्ह्याला मुक्काम, नीरेला पादुकांचं स्नान. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि हळूहळू डोंगर मागं पडतात. लोणंद, तरडगाव, फलटण, पुढं माळशिरसकडं सगळा सपाट मुलूख. तुकोबांच्या वाटेवर रोटी घाट तरी आहे, आमच्याकडं दिवे घाटाचा मामला संपला की संपला. तात्यांना सपाट रस्ता मुळीच आवडायचा नाही. म्हणायचे, सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला झोप लागते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावले, त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली, तेवढ्यापुरती जाग. नंतर पुन्हा ऊन, डांबर आणि बाभळी.

कंडक्टरकाका मला कंटाळा आलेला ओळखून म्हणाले, "तुला आंबेनळीचं सांगितलं होतं का त्यानं?"

नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. महाडहून वर येणारी शेवटची गाडी, श्रावणाच्या तोंडावरची रात्र. पोलादपूर सोडलं आणि धुकं असं उतरलं की काचेपलीकडं बॉनेटसुद्धा दिसेना. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गाडीत माणसं, दोन बाळंतिणी, कोंबड्यांची एक पाटी. तात्यांनी गाडी उभी केली आणि काकांना म्हणाले, खाली उतर. काका बॅटरी घेऊन रस्त्याच्या मधून पुढं चालायला लागले. मागं पहिल्या गिअरमध्ये गाडी. काका हात डावीकडं करायचे, गाडी डावीकडं वळायची. काही मैल असे गेले. घाटातल्या वाडा गावाच्या पुढं धुकं जरा फाटलं तेव्हा काका आत येऊन बसले.

"तेव्हा मी पुढं आणि तो मागं," काका म्हणाले. "वारीत मी म्हटलं, आता तू पुढं चाल, बघू दे मला कसं वाटतं ते."

"मग महाबळेश्वरला पोचल्यावर काय म्हणाले तात्या?"

"काय म्हणणार? स्टँडवर चहा पाजला मला. आणि म्हणाला, पुढच्या वेळी जरा भरभर चाल, पहिल्यात गाडी तापते."