न्यायालयाचा हुकूम आणि शाळेची खिडकी: कासा पर्यवेक्षक म्हणून माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत मी कासा कार्यक्रमात पर्यवेक्षक म्हणून काम करते. कासा म्हणजे कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट. घरातली आबाळ किंवा मारहाण यांमुळे ज्या मुलांना न्यायालयाने आपल्या संरक्षणाखाली घेऊन फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत तात्पुरत्या सांभाळाला ठेवले आहे, त्यांना नियमितपणे भेटून त्यांची खरी परिस्थिती न्यायाधीशांपुढे मांडणारा हा प्रशिक्षित स्वयंसेवक असतो. महाराष्ट्रात अशा मुलांविषयीचे निर्णय २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते, इथे ते न्यायालय घेते. आमच्या मराठी मंडळातली माणसे या कामाविषयी अधूनमधून विचारतात आणि त्यांचे प्रश्न बहुधा प्रशिक्षण, मुलाखत आणि बोटांचे ठसे यांच्याभोवती फिरतात. ते सर्व नीट पार पडते. तीस तासांचे प्रशिक्षण होते, राज्याच्या न्याय विभागाकडून आणि एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासली जाते, न्यायालयात शपथ होते आणि काम सुरू होते. माझा संताप अजूनही शमलेला नाही तो एका शालेय दप्तर कार्यालयावरचा. या कामात उतरू पाहणाऱ्यांना त्याचाच उपयोग अधिक होईल, म्हणून मी मुख्यतः त्याविषयी लिहिते. या प्रकरणातल्या मुलीची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत, कारण गोपनीयतेचे बंधन आम्हा सर्वांवर आहे.

पर्यवेक्षक मुलांना क्वचितच भेटतो. राष्ट्रीय मानकांनुसार एका पर्यवेक्षकाकडे तीसपेक्षा अधिक स्वयंसेवक देता येत नाहीत. प्रत्येकाशी दर महिन्याला बोलणे, न्यायालयात जाणारा अहवाल तपासणे आणि कोणी मर्यादा ओलांडत असेल तर वेळीच थांबवणे, हे माझे काम. आपल्याकडच्या स्वयंसेवकांना एक मर्यादा फार जड जाते, ती अशी की मुलाला स्वतःच्या घरी नेता येत नाही. सणाच्या दिवशी एखाद्या पोराला घरी बोलावून चार घास वाढावेत ही इच्छा मला पूर्णपणे समजते, तरीही मी नकारच देते. राज्याच्या न्यायालयीन नियमांत ही मनाई स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे आणि पैसे किंवा महागडी भेटवस्तू देण्यासही तशीच मनाई आहे.

आता मूळ विषयाकडे वळते. माझ्या गटातल्या एक स्वयंसेविका निवृत्त लेखापाल आहेत. त्यांच्याकडे हायस्कूलमधली एक मुलगी होती आणि घरे बदलत गेल्यामुळे तिच्या शाळाही बदलत गेल्या होत्या. एका भेटीत ती मुलगी सहज म्हणाली की वर्गात सुरू झालेली कादंबरी तिने मागच्या शाळेत वाचून संपवली आहे आणि तिच्यावरचा निबंधही लिहिला आहे. बाईंनी तिची वही मागून घेतली. मागच्या शाळेतला निबंध त्याच वहीत होता, लाल शाईत गुण दिलेला, आणि पुढच्या पानावर नव्या शाळेतला त्याच धड्याचा पहिला गृहपाठ सुरू झालेला होता. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिच्या विषयांचा आणि श्रेणींचा शाळेचा अधिकृत उतारा, पाहिल्यावर उलगडा झाला. त्या मागच्या शाळेच्या ओळीत विषयांची नावे होती, क्रेडिटचा (पूर्ण केलेल्या अभ्यासाबद्दल शालान्त पात्रतेसाठी मोजल्या जाणाऱ्या एककांचा) रकाना मात्र वरपासून खालपर्यंत रिकामा होता.

येथे कायदा काय म्हणतो ते सांगणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात एका सत्राच्या विषयाला सहसा पाच क्रेडिट मिळतात. फॉस्टर केअरमधले मूल सत्राच्या मध्येच शाळा सोडून गेले, तर जेवढा अभ्यास समाधानकारकपणे पूर्ण झाला असेल तेवढ्याचे अर्धवट क्रेडिट त्याला द्यावेच लागते आणि नव्या शाळेला ते स्वीकारावेच लागते. पूर्ण झालेला भाग पुन्हा करायला लावता येत नाही. शाळा बदलताना जुन्या शाळेने नोंदी दोन कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवायच्या असतात आणि कागदपत्रे अपुरी असली तरी प्रवेश अडवता येत नाही. एबी ४९० या नावाने ओळखला जाणारा कायदा २००४ पासून लागू आहे, म्हणजे हे काही काल झालेले नियम नव्हेत.

बाई नेमणुकीचा हुकूम घेऊन त्या मागच्या शाळेच्या शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, कार्यालयात गेल्या. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पहिले पान वाचले आणि सांगितले की या हुकुमाने तुमची नेमणूक झाली आहे, नोंदी पाहण्याचा अधिकार यात कुठे दिसत नाही. तो परिच्छेद दुसऱ्या पानावर होता. बाईंनी पान उलटून दाखवले, तेव्हा कागद त्यांच्या विधी विभागाकडे पाठवावा लागेल असे उत्तर मिळाले. विधी विभागाकडून काहीच कळेना. बाईंनी पुन्हा विचारणा केली, तेव्हा आईची लेखी संमती आणा असे सांगण्यात आले. त्या आईचा शैक्षणिक निर्णय घेण्याचा अधिकार न्यायालयाने आधीच काढून मुलीच्या मावशीकडे दिला होता आणि तसा जेव्ही-५३५ क्रमांकाचा हुकूम निघालेला होता. कार्यालयाच्या संगणकात मात्र आईचेच नाव कायम होते. मावशी रात्रपाळी करणारी, दुसऱ्या शहरात राहणारी. तिने सहीनिशी पत्र पाठवले. त्यावर, ओळखपत्राची प्रत जोडलेली नाही, असा आक्षेप आला. प्रत पाठवली. त्यानंतर सांगण्यात आले की मुलीने सत्र अर्ध्यावर सोडल्यामुळे तिला अंतिम श्रेणी दिलेली नाही आणि म्हणून पाठवण्यासारखे आमच्याकडे काहीच नाही.

हे शेवटचे उत्तर आधीच्या सर्व उत्तरांहून वाईट होते. देण्यासारखे काही नाही असे त्यांना वाटत होते, तर संमती, ओळखपत्र आणि विधी विभाग यांच्या फेऱ्यांत एका मुलीचा अभ्यासाचा काळ कशासाठी घालवला? आणि अंतिम श्रेणी नाही म्हणूनच तर अर्धवट क्रेडिटची तरतूद आहे. श्रेणी मिळाली असती तर त्या तरतुदीची गरजच पडली नसती. तेवढ्या काळात मुलगी तीच कादंबरी दुसऱ्यांदा वाचत होती आणि आपण मागे पडलो आहोत अशी तिची समजूत होत चालली होती. बाईंनी मला फोनवर सांगितले की तिने आता गृहपाठ करणेच सोडले आहे. त्या फोननंतर मी बराच वेळ दुसरे काही काम करू शकले नाही.

बाईंना त्या खिडकीवर आवाज चढवायचा होता. मी त्यांना ते करू दिले नाही, आणि तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते. खिडकीवर झालेला वाद त्या मुलीच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटला असता. त्याऐवजी मी त्यांना एक तक्ता ठेवायला सांगितला: कोणत्या तारखेला, कोणाशी, काय बोलणे झाले आणि पुढचे उत्तर कधी देऊ असे सांगितले गेले. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या बाईंनी तो इतका चोख ठेवला की त्यात एकही विशेषण नव्हते. अहवाल तपासताना मी सर्वच स्वयंसेवकांना हेच सांगत असते. ‘कार्यालयाने टाळाटाळ केली’ हे आपले मत झाले आणि समोरचा वकील ते खोडून काढू शकतो. ‘अमुक तारखेला आईची संमती मागितली, त्या वेळी जेव्ही-५३५ ची प्रत त्यांच्यासमोर होती’ ही घटना आहे, ती खोडता येत नाही.

समांतर दोन वाटा चालवल्या. प्रत्येक शालेय जिल्ह्याला फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी एक लायझन, म्हणजे समन्वयक, नेमणे बंधनकारक आहे. ही व्यक्ती खिडकीच्या आत बसते आणि नियम तिला माहीत असतात. आमच्या प्रकरणात त्या पदावरची व्यक्ती नुकतीच बदललेली होती, तरीही ईमेल लेखी स्वरूपात गेल्यामुळे पुढे त्याचा पुरावा झाला. दुसरी वाट सोशल वर्करची. २०१३ च्या अनइंटरप्टेड स्कॉलर्स अ‍ॅक्टमुळे बालकल्याण विभागाच्या सोशल वर्करला शालेय नोंदी मिळवण्यासाठी पालकांची संमती लागत नाही. दुर्दैवाने त्याच सुमारास मुलीच्या सोशल वर्करची बदली झाली आणि नव्या व्यक्तीला सर्व प्रकरण पहिल्यापासून समजावून द्यावे लागले. अशा बदल्या नेहमीच होतात. मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा त्याची गोष्ट संपूर्ण माहीत असलेला माणूस पुष्कळदा स्वयंसेवकच असतो.

प्रश्न सुटला तो सहामाही आढाव्याच्या सुनावणीत. बाईंनी अहवालाला तक्ता जोडला, मुलीच्या वकिलांनी तो न्यायाधीशांच्या नजरेला आणला आणि न्यायाधीशांनी अर्धवट क्रेडिटचा हिशेब ठरावीक तारखेपर्यंत सादर करण्याचा थेट हुकूम त्या शालेय जिल्ह्याला दिला. १९७७ मध्ये सिअ‍ॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी स्वयंसेवकांची ही पद्धत सुरू केली, ती मुलांचे भवितव्य ठरवताना त्यांच्याविषयी पुरेशी माहिती समोर येत नाही या अस्वस्थतेतून. त्या दिवशी न्यायकक्षात बसून मला वाटले की एका निवृत्त लेखापाल बाईंच्या दोन पानांच्या तक्त्याने नेमकी तीच उणीव भरून काढली. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि तो मी बाहेरच्या व्हरांड्यात बोलूनही दाखवला.

क्रेडिट आले. इंग्रजीचा वर्ग बदलला. आणखी एक गोष्ट तेव्हाच उजेडात आली. हायस्कूलचे दुसरे वर्ष पूर्ण झाल्यावर शाळा बदललेल्या आणि वेळेत हायस्कूलचा डिप्लोमा मिळवणे शक्य नसलेल्या फॉस्टर केअरमधल्या विद्यार्थ्याला शालेय जिल्ह्याच्या जादा अटींतून सूट मिळते, राज्याने ठरवलेले किमान विषय पूर्ण केले की पुरते. या सवलतीची सूचना नव्या शाळेने तीस दिवसांच्या आत विद्यार्थी, सोशल वर्कर आणि शैक्षणिक अधिकार असलेली व्यक्ती यांना द्यायची असते. ती सूचना आईच्या जुन्या पत्त्यावर गेली होती. नव्या शाळेनेही जुन्याच नोंदीवरचे नाव उचलले होते. सूचना वेळेत मिळाली नाही म्हणून सवलत बुडत नाही, ही तरतूद कायद्यातच आहे. आम्ही ती लेखी दाखवली आणि मावशीने मुलीशी बोलून निर्णय घेतला.

तेव्हापासून माझ्या गटात नवी नेमणूक झाली की पहिल्याच आठवड्यात मी स्वयंसेवकाकडून काही कामे करून घेते. नेमणुकीच्या हुकुमात नोंदी पाहण्याचा परिच्छेद आहे की नाही ते आम्ही एकत्र वाचतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नोंदी तपासण्यासाठी नेमणुकीच्या हुकुमाबरोबर विशिष्ट न्यायालयीन हुकुमाचा उल्लेख आहे, म्हणून परिच्छेद नसेल तर मुलाच्या वकिलांकडून ताबडतोब तो मागून घ्यावा. असेल तर त्या ओळी पिवळ्या शाईने रंगवून तेच पान वर ठेवावे. शैक्षणिक अधिकार कोणाकडे आहेत हे न्यायालयाच्या कागदावरून पाहावे, मुलाला किंवा शाळेला विचारून गृहीत धरू नये, आणि जेव्ही-५३५ ची प्रत आजच्या शाळेकडे व लायझनकडे ईमेलने पाठवून पोच मागावी. मूल मागे ज्या ज्या शाळांत थोडे दिवस का होईना बसले असेल त्या सर्वांची यादी करावी. मधल्या काळात ते बालसुधारगृहात राहिले असेल तर तिथल्या शाळेचेही नाव त्यात घ्यावे, कारण त्या अभ्यासाचेही क्रेडिट मिळते आणि बहुतेक वेळा तेच कोणी मागत नाही.

सोशल वर्करचा अहवाल आढाव्याच्या सुनावणीपूर्वी किमान दहा दिवस न्यायालयात जावा लागतो. शाळेविषयी काही अडले असेल तर त्याआधीच त्यांना लेखी कळवावे, म्हणजे ते त्यांच्या अहवालातही येते आणि न्यायाधीशांना एकच गोष्ट दोन ठिकाणी दिसते. आणि मुलाची वही आवर्जून पाहावी. तो रिकामा रकाना ट्रान्सक्रिप्टवर कित्येक महिने होता, त्यावर शाळेतल्या कोणाचेही लक्ष गेले नव्हते.