अर्धी गोळी, अर्धी वाट

कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून नंदवाळ दहा-बारा किलोमीटर. पंढरीला वीस-वीस दिवस चालत जाणाऱ्यांना हे अंतर किरकोळच. पण ज्याला पंढरी गाठणं होत नाही, त्या कोल्हापूरकराची आषाढी इथंच होते. नंदवाळ म्हणजे आमचं प्रतिपंढरपूर. यंदाही पहाटे आंघोळ करून, आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, टाळ गळ्यात अडकवून मी दिंडीत जाऊन उभी राहिले. टाळांची दोरी तेवढी नवी आहे. पितळ तेच, त्यांच्या अंगठ्यानं एका बाजूला गुळगुळीत झालेलं.

2009 साली मी हे टाळ पहिल्यांदा गळ्यात घातले. नुकतीच पाचवीत गेले होते. आबांनी शाहू मिलमध्ये स्पिनिंगला हयात घालवली. शाहू महाराजांनी 1906 साली उभी केलेली ती मिल पुढं बंद पडली, पण आबांची झोप मात्र पहिल्या पाळीच्या वेळेलाच मोडायची. नंदवाळची वारी त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी उन्हाळ्यातच दवाखान्यातून घरी आणलं होतं. आता काही करण्यासारखं नाही, दुखू नये म्हणून गोळ्या देत राहा, एवढंच सांगितलेलं.

आणि गोळ्यांनाच पैसे नव्हते. बाबा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत होते, पोअरिंगवर, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायला. 2008 च्या शेवटी मंदी आली, गाड्यांच्या कास्टिंगच्या ऑर्डरी आटल्या. आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी, मग आठवड्यातून तीनच दिवस काम. बाबा घरी असले की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आई मेडिकलमधून पाच-पाच गोळ्या कापून आणायची, अख्खी स्ट्रिप कधीच नाही.

एका दुपारी आबा अडकित्त्यानं गोळी कातरताना मला दिसले. सुपारी कातरतात तशीच, अगदी बेतानं. अर्धी तोंडात टाकली, अर्धी चंचीत ठेवली. चुना-तंबाखूच्या कप्प्यात तशा आठ-नऊ अर्ध्या जमल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाले, "आईला सांगू नगंस. तुझ्या बाच्या पगाराचं अजून काय खरं न्हाई."

मी नाही सांगितलं. रात्री ते कण्हायचे, आई उठून पाठ चोळायची, आणि मी गोधडीत डोळे मिटून पडायचे. आज आई साठीला आली, तरी तिला हे ठाऊक नाही.

एकादशीच्या आदल्या रात्री त्यांनी टाळ माझ्या हातात दिले. "औंदा माझ्या वाटणीचं तू चाल. आन् डोळं उघडं ठेव, समदं मला सांगायचं."

शेजारच्या काकूंचं बोट धरून निघाले. खंडोबा तालमीजवळचं उभं रिंगण, वाटेत मंडळांनी वाटलेली केळी आणि शाबूची खिचडी, राधानगरी रोडला लागल्यावर कडेच्या शेतात गुडघाभर चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बायका. पालखी जवळ आली तशा त्या तशाच चिखलाच्या हातांनी नमस्कार करून उभ्या राहिल्या. पुईखडीला गोल रिंगण. घोडा माझ्या इतक्या जवळून गेला, की त्याच्या टापेखालचा चिखल माझ्या फ्रॉकवर उडाला. मी सगळं मनात घोकत चालले होते, शाळेत पाढे घोकतात तसं.

संध्याकाळी दारातूनच ओरडले, "आलो आबा!" आमच्याकडच्या मुली आलो-गेलोच म्हणतात. ते भिंतीला टेकून बसले होते. बुक्का लावायला मी कपाळाकडं हात नेला, तर ते खाली वाकू लागले. मला वाटलं तोल गेला. त्यांनी माझ्या पायाच्या बोटांमधला वाळलेला चिखल नखानं खरवडला आणि कपाळाला लावला. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात लहानथोर नसतं. पण दहा वर्षांच्या पोरीला ते कसं सोसावं? मी रडायलाच लागले.

"सांग आता. पर एकदम नगो. थोडं आज, थोडं उद्या."

तेव्हापासून रोज शाळेतून आले की मी सांगायचे. खंडोबा तालमीपर्यंत येईतो त्यांचे डोळे मिटायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. कुठल्या विण्याला कोण होतं, कुणाचा आवाज बसला होता, सगळं खोदून विचारायचे. मी पुढं पळायला लागले की हात वर करायचे, "ऱ्हाऊ दे, उरल्यालं उद्या." ते वाटही अडकित्त्यानं कातरून चंचीत ठेवत होते, हे मला फार उशिरा उमजलं.

नागपंचमीच्या दोन दिवस आधी आबा गेले. आदल्या संध्याकाळी आम्ही पुईखडीला पोचलो होतो. घोडा सुटला होता. देऊळ राहिलंच.

चंचीतल्या गोळ्या मी कागदात बांधून पंचगंगेत सोडल्या. मोजल्या होत्या, तेवीस अर्ध्या.

मी दरसाल चालते, ती त्या राहिलेल्या वाटेसाठी. पुईखडी ओलांडली की शेजारणीशी बोलणं थांबवते आणि पुढचं मनातल्या मनात सांगायला घेते. यंदाही दर्शनाच्या रांगेत पाऊस होता, पुढच्या माणसाच्या टोपीवरून पाणी गळत होतं. गाभारा जवळ आला तसं सांगितलं: आबा, त्या वर्षी माझी उंची पुरेना. नुसती माणसांची पाठच दिसत होती. तेवढ्यात एका बाईनं काखेत हात घालून मला वर उचललं. कोण होती ठाऊक नाही. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि मनगटाला शेतातला चिखल होता.